झिबिब्बो म्हणजे झबीब

दिलावरभाई, तुमच्या वेलीची द्राक्षं परवा उतरवली.

तुम्ही गेलात तेव्हा ती मुगाएवढी होती. हिरवीगार, टणक. तुम्ही रोज ड्यूटीवरून आलात की बूट न काढता आधी वेलीच्या खड्ड्याशी जाऊन बसायचात आणि घडाला हात न लावता, नुसतं वाकून बघायचात. मी म्हणायचो, "बघून लवकर पिकत नाहीत." तुम्ही म्हणायचात, "तुला काय त्रास होता? डोळे माझे हायत." आता दीड महिना झाला. तुमचे डोळे नाहीत, आणि ती पिकली.

तुमचं वय, नोकरीची वर्षं, कफील म्हणजे हमी घेणारा मालक कोण, हे सगळं इकाम्यावर, इथल्या राहण्याच्या परवान्यावर आहे, ते मला इथे लिहायचं नाही. लोक मला वेगळंच विचारतात. तुम्ही दाभोळच्या खाडीकाठचे, पाच वेळचे नमाजी, डेअरीतले पाइप फिटर. मी तासगावचा, द्राक्षबागायतदाराच्या घरातला, त्याच डेअरीच्या कूलिंग प्लांटवरचा मेकॅनिक. मी तुमच्यापेक्षा बराच लहान. मग या दोघांचं इतकं कसं जमलं? खरं उत्तर दिलं की ऐकणारा हसतो. आपलं जमलं ते इटलीतल्या एका वाइनमुळे. सौदीतल्या अल खर्जमध्ये, जिथे वाइनचा थेंब मिळत नाही आणि तुम्ही तो जन्मात कधी चाखला नाही.

तो शुक्रवार आठवतो ना? पॅकिंगची नवी मशीन बसवायला साल्वो आला होता, टक्कल पडलेला, हात बोलण्यापेक्षा जास्त हलवणारा इटालियन. त्याला बाजार दाखवायला आपण घेऊन गेलो. सुक्या मेव्याच्या दुकानात त्याने एका पोत्याकडे बोट दाखवलं आणि दुकानदार म्हणाला, "झबीब." साल्वो थांबलाच. त्याने पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर आलं. मग त्याने मूठभर बेदाणे तळहातावर घेतले आणि म्हणाला, "आमच्या गावाकडच्या द्राक्षाचं नाव झिबिब्बो आहे."

मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. तुम्ही मात्र दुकानदाराला पैसे द्यायचे विसरून साल्वोच्या मागे लागलात. गाव कुठलं? द्राक्ष कसलं? अरबी नाव तिकडे कसं गेलं? त्याचं इंग्रजी आपल्याइतकंच तुटकं, त्यामुळे बोलणं छान चाललं. पांतेल्लेरिया नावाचं बेट. इटलीचं, पण आफ्रिकेच्या जास्त जवळ. काळा ज्वालामुखीचा दगड, नदी नाही, आणि वारा असा की झाडं उभी राहत नाहीत. कधीकाळी तिथे अरब राज्य करत होते. ते गेले, द्राक्ष राहिलं, आणि द्राक्षाचं नावही.

त्या दिवसापासून मेसमध्ये आपलं टेबल ठरलं. तुम्ही साल्वोला त्याच्या बेटावरच्या वाड्यांची नावं एकेक म्हणायला लावायचात आणि ती हळूहळू जिभेवर घोळवायचात. 'गादिर' म्हणाला तेव्हा लगेच ओळखलंत, "गदीर. म्हणजे पाण्याचं डबकं, तळं. हाय ना तिथे पाणी?" होतं. समुद्राकाठी गरम पाण्याची कुंडं होती. मग तो म्हणाला, 'बुक्कुराम'. हे नाव तुम्हाला दोन दिवस पुरलं. तिसऱ्या दिवशी नाश्त्याला तुम्ही चहा ठेवून उभेच राहिलात, "अबू करम! करम म्हणजे द्राक्षाची वेल. वेलींचा बाप!" साल्वोने उठून तुम्हाला मिठी मारली. त्याच्या गावातले म्हातारेही असंच सांगत, म्हणाला, पण कुणा अनोळखी माणसाने आपल्या डोक्याने ते काढलं, हे त्याने पहिल्यांदाच पाहिलं.

वाइनची गोष्ट निघाली तेव्हा मला वाटलं होतं, तुम्ही उठून जाल. तुम्ही खुर्ची पुढे ओढलीत. "प्यायची नाय म्हणून कशी करतात ता ऐकायचं पण नाय?"

आणि साल्वोने सांगितलं. ऑगस्टमध्ये पहिली द्राक्षं खुडायची आणि दगडावर उन्हात वाळत घालायची. हाताने उलटायची, रात्री दवापासून झाकायची. तीन-चार आठवडे. तोवर उशिराची द्राक्षं तयार होतात, त्यांचा रस काढून आंबायला ठेवायचा, आणि त्या आंबत्या रसात या वाळलेल्या मनुका सोडायच्या. त्या फुगतात, आपलं सगळं ऊन त्या रसाला देतात. होते ती वाइन मधाच्या रंगाची आणि गोड. तिला पासितो म्हणतात. आणि कायदा असा की द्राक्ष झिबिब्बोच हवं, त्याच बेटावर पिकलेलं, तिथेच उन्हात वाळवलेलं, वाइन तिथेच झालेली. समोरच्या किनाऱ्यावर कुणी अगदी तसंच केलं तरी बाटलीवर बेटाचं नाव लावता येत नाही.

"आमच्या हापूससारखं," तुम्ही म्हणालात, आणि आपलं भांडण तिथून सुरू झालं.

मी म्हणालो, नाव राखायला कायदा ठीक आहे, पण चव माणसाच्या हातात असते. छाटणी कधी, पाणी किती, वाळवायचं कसं. तासगावचा बेदाणा काही तासगावच्या देवाने केलेला नाही. तीच वेल, तेच कष्ट दुसरीकडे न्या, तीच चव येईल. तुम्ही म्हणालात, नाही. तुमच्या वडलांनी हापूसचं कलम घाटावर मेहुण्याच्या शेतात लावलं होतं. झाड जोरात वाढलं, आंबे लागले, रंगही आला. "कापला आणि सगळे गप्प. आंबा होता रे. हापूस नव्हता." मी म्हणालो, मेहुण्याने पाणी जास्त दिलं असेल. तुम्ही चिडलात. साल्वो आपल्या दोघांकडे बघत होता. आपण मराठीत कधी शिरलो ते आपल्याला कळलंच नव्हतं.

त्या वर्षी मी सुट्टीवर निघालो तेव्हा तुम्ही मला गेटपर्यंत सोडायला आलात. काहीतरी विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं, हे दिसत होतं. शेवटी म्हणालात, "तू तिकडे गेल्यावर पितोस ना कधीमधी?"

"बिअर. भाऊ आणि मी."

"माझ्यासाठी पिऊ नकोस हां. ता पाप माझ्या माथी नको. पण तू तुझा पिणारच असशील, आणि ती साल्वोची कुठे दिसली, तर नीट लक्ष दे. आणि मला येऊन सांग."

दुबईच्या विमानतळावर ती दिसली. लहानशी बाटली. तासगावला एका संध्याकाळी भावाबरोबर अंगणात बसून मी ती उघडली. दिलावरभाई, इतकं लक्ष देऊन मी आयुष्यात काही प्यायलो नाही. भाऊ विचारत होता, असा काय डोळे मिटून बसलास? मी म्हणालो, एकाला हिशोब द्यायचाय.

परत आलो तेव्हा तुम्ही बॅगही खाली ठेवू दिली नाहीत. मी म्हणालो, "गोड होती."

"गोड तर जिलबीपण असता. पुढे?"

मग उलटतपासणी झाली. वास कसला? सुक्या जर्दाळूचा. नुसता जर्दाळूचा? नाही, मागून अंजीर, आणि संत्र्याची साल नखाने ओरबाडली की येतो तसा. पाकासारखी चिकट? दाट होती, पण चिकट नाही. घोट गेल्यावर तोंडात काय राहिलं? इथे मी अडलो. इतकी गोड असून तोंड बांधलं नव्हतं, उलट पाणी सुटलं होतं. शेवटी कुठेतरी आंबट होतं, त्याने सगळं तोललं होतं. आणि त्याच्याही मागे आणखी काहीतरी. ते मला सांगता येईना. मग म्हणालात, "बाबा, तुला धाडून फुकट गेला. नेमका ताच नाय सांगितलंस."

मी विचार करतो, तुम्हाला काय हवं होतं? चाखायची इच्छा होती का? तुम्ही असताना हे विचारायची हिंमत झाली नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही. उत्तर साधं असेल आणि मी त्यात उगाच काहीतरी शोधतोय असं ठरेल म्हणून. मला वाटतं, तुम्हाला प्यायची नव्हती. जाणून घ्यायची होती. हे दोन्ही वेगळं असू शकतं, हे मला तुमच्यामुळे कळलं. समोर आलेलं सगळं तोंडात घातल्याशिवाय माझ्यासारख्याला ते कळल्यासारखं वाटत नाही.

मग तुम्ही वेल आणलीत.

साल्वोने सांगितलं होतं की बेटावर मांडव नसतो. वाऱ्यापुढे टिकणार नाही. तिथे जमिनीत परातीसारखा खोलगट खड्डा करतात, वेल त्यात लावतात आणि छाटून छाटून ती इतकी बुटकी ठेवतात की वारा वरून निघून जातो. पाणी देत नाहीत. खड्ड्यात जे दव उतरतं त्यावर ती जगते. रस्त्यावरच्या नर्सरीतल्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, माणसाला तुम्ही विचारलंत, हे इस्कंदराणी द्राक्ष आहे का, कारण साल्वोच्या मते झिबिब्बो मूळचं अलेक्झांड्रियाचं. तो हो म्हणाला. तुम्ही कुठलंही नाव विचारलं असतं तरी तो हो म्हणाला असता. हे मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं.

मजा बघा. जागेशिवाय चव नाही म्हणणारे तुम्ही, आणि त्या बेटाची वेल अल खर्जच्या वाळूत लावायला निघालात. सगळं हातात असतं म्हणणारा मी, आणि मी म्हणत होतो, इथे जगणार नाही, ही जागाच तिची नाही. आपण दोघे आपापल्याच विरुद्ध बोलत होतो आणि खड्डा खणत होतो. पाणी अजिबात द्यायचं नाही यावर मात्र मी ऐकलं नाही. पहिल्या उन्हाळ्यात तुमच्या नकळत एसीचं पाणी आणून घालत होतो. नंतर कळलं की तुम्हीही माझ्या नकळत नमाजाआधीच्या वजूचं पाणी तिकडे वळवत होता.

कॅम्पात बातमी पसरायला वेळ लागला नाही. दिलावर दारूची द्राक्षं लावतोय. कुणीतरी चेष्टेत म्हणालं, कुणीतरी खरं मानलं, आणि कॅम्पचा सौदी मुदीर, म्हणजे मॅनेजर, अबू फहद एका दुपारी गाडी घेऊन आला. मी घाबरलो होतो. नोकरी जाऊ शकते, इकामा रद्द होऊ शकतो, घरी बसावं लागतं, हे सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. तुमच्या मुलीचं लग्न ठरत होतं त्या वर्षी. मी तुमच्या कानात कुजबुजलो, म्हणा शोभेची वेल आहे.

तुम्ही तसं म्हणाला नाहीत. अबू फहदने विचारलं, हे काय? तुम्ही तुमच्या अरबीत सगळं सांगितलंत. बेट, वारा, खड्डा. ते लोक याची वाइन करतात, हेही सांगितलंत. शेवटी म्हणालात, "मला झबीब करायचेत. आणि जगते का ते बघायचंय."

अबू फहद खाली बसला. त्याने खड्ड्याच्या कडेची वाळू बाजूला करून आतली माती बोटाने दाबून पाहिली. मग म्हणाला, त्याचे आजोबा खजुराची रोपं अशीच खोलगट जागेत लावायचे. उठताना त्याने कपड्यावरची वाळू झटकली आणि म्हणाला, वाऱ्याच्या बाजूला एक दगडी ओळ रचा. दुसऱ्या दिवशी त्याच्या पिकअपमधून दगड आले. तुम्हाला त्याचं नवल वाटलं नाही. तुम्ही मला म्हणालात, "खोटा बोललो असतो तर दगड नसते मिळाले."

पुढच्या वर्षी साल्वो सर्व्हिसिंगला परत आला. येताना त्याने तुमच्यासाठी कापडाच्या पिशवीतून मनुका आणल्या. बेटावरच्या, दगडावर वाळवलेल्या, रसात न पडलेल्या. काळपट तपकिरी, बिया असलेल्या. तुमचा चेहरा मला अजून दिसतो. म्हणजे हे तुम्हाला चालत होतं. त्या वाइनच्या अलीकडची शेवटची पायरी, आणि तिथपर्यंत तुम्ही जाऊ शकत होता. साल्वोने हा विचार केला होता. आपण दोघांनी इतकं बोलूनही कधी केला नव्हता.

तुम्ही एक मनुका घेतलीत आणि फार वेळ चघळलीत. बी काढून हातावर ठेवलीत. मग म्हणालात, "ह्यात खार हाय."

मी एक खाल्ली. मला खार लागला नाही. साल्वो म्हणाला, हो, वारा समुद्राचं पाणी उडवतो, द्राक्षावर बसतं. पण साल्वो भला माणूस, तुम्हाला हो म्हणायला त्याला काय लागतं? मी तसं म्हटलं. तुम्ही म्हणालात, "तू त्या बाटलीत जा शेवटचा सांगू शकला नाहीस, ता हाच होता." मी म्हणालो, तुम्ही खाडीकाठचे, तुम्हाला सगळ्यातच समुद्र लागतो. तुम्ही हसलात. "मग? माझी जीभ पण कुठलीतरी हाय ना."

मी आणखी एक मनुका खाऊन पाहिली.

तुम्ही गेलात ती दुपार मी थोडक्यात लिहितो. छातीत दुखतंय म्हणालात, मी गाडी काढली. वाटेत तुम्ही वेलीविषयी बोलला नाहीत, कशाचविषयी नाही. फक्त एकदा म्हणालात, "एसी कमी कर." संध्याकाळच्या आत डॉक्टर बाहेर आले. तुमच्या घरी फोन मी केला. झुबेदाभाभींनी उचलला. मग म्हणाल्या, त्यांना तिकडेच ठेवा, इतक्या लांबचा प्रवास त्यांना नको. दुसऱ्या दिवशी असरच्या, दुपार कलल्यावरच्या नमाजनंतर तुम्हाला नेलं. मी कबरस्तानच्या भिंतीबाहेर उभा राहिलो. भिंत छातीएवढी होती, माणसांच्या पाठी दिसत होत्या, त्यापलीकडे काही दिसत नव्हतं. अबू फहद बाहेर आला, त्याच्या हाताला माती होती. तो माझ्याजवळ थांबला आणि विचारलं, तो तुझा कोण होता? मी म्हणालो, माझा मोठा भाऊ. त्याने मान हलवली. दोघांचे धर्म वेगळे आहेत हे त्याला माहीत होतं.

साल्वोला फोन लागायला महिन्यावर गेला; तो बेटावरच होता. मागे वारा ऐकू येत होता. तो आपल्या भाषेत काहीतरी म्हणाला, मग इंग्रजीत म्हणाला, त्याच्या गावात इतके प्रश्न त्याला कुणी कधी विचारले नाहीत. तुमच्या प्रश्नांमुळे तो यावेळी घरी जाऊन काकांबरोबर द्राक्षं उलटायला बसला. लहानपणानंतर पहिल्यांदा.

तर परवा मी घड उतरवले. मोजकेच होते. एक अबू फहदच्या घरी पाठवला, कॅम्पात प्रत्येकाला चार-चार मणी आले. उरलेले मी तासगावच्या पद्धतीने, औषधाच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवणार होतो, हात तिकडेच वळत होते. मग त्या दगडी ओळीवरच उन्हात पसरले. इथल्या उन्हात आठवडे लागत नाहीत. ताज्या मण्यांची चव मी नीट लक्ष देऊन घेतली. गोड, साल जाड, वास थोडासा फुलासारखा. खार नाही. त्या बेटासारखीही नाहीत आणि आमच्याकडच्यासारखीही नाहीत. कशासारखी आहेत, ते शोधतोय. म्हणजे तुम्ही जिंकलात का? जागेने चव बदलली म्हणावी, तर तुम्ही. आपण दोघांनी पाणी घालून बिघडवली म्हणावी, तर मी. हे भांडण आता मला एकट्यालाच चालवायचंय, आणि तुमच्या बाजूने बोलायला लागलो की मी जास्त चांगला बोलतो, असं लक्षात आलंय.

एक गोष्ट राहिली. गेल्या आठवड्यात झुबेदाभाभींचा फोन आला होता. कागदपत्रांचं झालं, मुलीच्या सासरचं झालं. मग विचारलं, "भाऊ, तिथली माती कशी हाय?"

मला वाटलं, रीत म्हणून विचारतात. मी म्हणालो, भाभी, मी आत गेलो नव्हतो, मला दिसली नाही. त्या म्हणाल्या, "बघून सांगशील?"

दुसऱ्या दिवशी मी अबू फहदला विचारलं. तो लगेच उठून गाडीत बसला. कबरस्तानच्या फाटकातून त्यानेच मला आत नेलं. इथे कबरीवर नाव नसतं. दोन्ही टोकांना एकेक साधा दगड, आणि अशा ओळीच्या ओळी. अबू फहदला तुमची जागा आठवत होती. मी बसलो आणि कडेची माती हातात घेतली. पिवळसर, बारीक खडे असलेली, मुठीत धरली तर धरली जाते आणि सोडली की मोकळी होते.

संध्याकाळी भाभींना फोन केला. म्हणालो, "मऊ आहे, भाभी. वाळूमिश्रित. फावडं सहज जातं."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "इथे सगळा जांभा खडक. सासऱ्यांच्या वेळेला खणणारे सकाळपासून दुपारपर्यंत पहार मारत होते. हे तेव्हा म्हणाले होते, मी गेलो की कुणाला इतका त्रास नको."